कार स्टिरिओवर रेडिओ स्टेशन सेव्ह कसं करायचं, आणि गाडी बंद केली की ते उडतं का?

एफएम लावा, ९१.१ किंवा ९८.३ आणा, आवाज स्वच्छ आला की १ ते ६ पैकी एक बटण दोन-तीन सेकंद दाबूनच धरा, बीप वाजला की झालं सेव्ह. पटकन दाबून सोडलंत तर त्या नंबरवरचं जुनंच स्टेशन लागतं, बहुतेकांचं इथेच चुकतं.

किल्ली काढली की सगळं उडतंय तर स्टिरिओमागची पिवळी वायर बघा, बहुतेक सेटमध्ये ती थेट बॅटरीची असते आणि मेमरी तिच्यावरच टिकते, लाल वायर किल्लीची, म्हणजे किल्ली फिरवली तरच तिच्यात करंट येतो. माझ्या गाडीत बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र किल्लीवरच जोडल्या होत्या, रोज तीन हात नाक्याच्या सिग्नलला परत स्टेशनं शोधत बसायचो, फार वैताग यायचा. आधी फ्यूज बघा, मगच वायरी उघडा.