वडिलांचा सोरायसिस: आधी एवढं करा

ताई, तुमच्या वडिलांना सोरायसिस झालाय, तर आधी घरातल्या सगळ्यांना सांगा, हा त्वचेचा आजार संसर्गजन्य नाही. आमच्या आप्पांचा टॉवेल कुणीतरी वेगळा काढून ठेवला होता. खाजेपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. एरवी महिनाभराने वर येणारी कातडी इथे 3-5 दिवसांत येते, म्हणून खवले साचतात. अस्वच्छतेशी काही संबंध नाही.

अंघोळ कोमट पाण्याने, झटपट. घासणी बंद. अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावायचं. आप्पांचा हात पाठीवर पोचायचा नाही, ते काम माझं. कोपरावरचे पांढरे पापुद्रे तेलाने मऊ पडतात, पण नखाने काढू देऊ नका. रक्त येतं आणि तिथेच नवा चट्टा उठतो.

स्टिरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. 'मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्यांच्या बिननावाच्या पुड्या मात्र अजिबात नकोत. आप्पांनी एकदा घेतल्या. महिन्यात अंग स्वच्छ झालं, पुड्या थांबल्या आणि दुपटीने उठलं. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं.

बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यातल्या बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्यांनी कधीकधी त्रास वाढतो. पण गोळी मनाने बंद करू नका. आणि सकाळी बोटं आखडतात का, हे तुम्हीच विचारा. म्हातारी माणसं ते वयावर ढकलतात, आणि सोरायसिस सांध्यांत उतरलेला कळतच नाही.