मोगऱ्याचं कुंपण

वाचकांचे प्रश्न, जुन्या मोजणीदाराची उत्तरं

प्रश्न: आमची कॉलनी सांगलीत विश्रामबागेच्या पुढं, 1986 च्या मंजूर रेखांकनातली. पावणेतीन एकरांत प्लॉट पाडले, त्यात 11 गुंठे ओपन स्पेस. तिथं मुलं खेळली, आम्ही भोंडला केला, कुरडया वाळवल्या. आता मूळ मालकाचा नातू म्हणतो, सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव आहे आणि दहा वर्षांत पालिकेनं जागा घेतली नाही, म्हणजे आरक्षण उठलं. इकडं कॉलनीतलेच काही ज्येष्ठ म्हणतात, निधी आणून मंगल कार्यालय बांधू, म्हणजे जागाही राहील आणि भाडंही येईल. आम्ही काय करावं?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर: ताई, तुमचा हिशोब आधी तपासला. पावणेतीन एकर म्हणजे 110 गुंठे, रेखांकनात मोकळी सोडावी लागते ती 10 टक्के जागा म्हणजे 11 गुंठे. आकडा चोख जुळतो, म्हणजे ही जागा कुणी उदारपणानं सोडलेली नाही. ती सोडली म्हणून बाकीचे प्लॉट मंजूर झाले, आणि आजोबांनी ते विकले. नातवाला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

नातवाच्या बोलण्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे पालिकेनं पुढं संपादन करायची म्हणून राखलेली जागा, वेगळं आणि प्लॉट पाडताना रेखांकनातच सोडलेली ओपन स्पेस वेगळी. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 आरक्षणाला लागतं: दहा वर्षांत संपादन झालं नाही, मालकानं नोटीस दिली आणि पुढच्या 24 महिन्यांतही हालचाल झाली नाही, की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. म्हणजे तिथंही नुसती दहा वर्षं भरून भागत नाही. तुमच्या जागेला तर ते कलमच लागत नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव राहिलंय हे खरं, आणि अशी नावं गावोगाव राहिलीत, कारण बदलून घ्यायला कुणी गेलंच नाही. पण नाव राहिलं म्हणून ओपन स्पेसचा प्लॉट होत नाही.

तरी गाफील राहू नका. जागेचा व्यवहार करण्याआधी वर्तमानपत्रात ‘जाहीर नोटीस’ म्हणून बारीक टाईपात जो मजकूर येतो, तो कॉलनीतल्या एकानं रोज वाचायचा. आमच्या हिच्याकडं ते काम होतं, राशिभविष्याच्या आधी. तुमचा गट नंबर दिसला की दिलेल्या मुदतीत वकिलाकरवी लेखी हरकत घ्या. आणि नोटिशीची वाट न बघता महापालिकेच्या नगररचना विभागात आजच एक पत्र देऊन पोच घ्या.

आता कागद. तीन लागतील: मंजूर रेखांकनाचा नकाशा, बिनशेती आदेश आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक. महापालिका झाली 1998 ला, तुमची फाईल त्याआधीची, त्यामुळं ‘सापडत नाही’ हे उत्तर तयार असेल. तोंडी विचारूच नका. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 30 दिवस. तरीही नकाशा नाही म्हणाले तर महसूलकडं बिनशेती आदेशाच्या फाईलची नक्कल मागा. त्या आदेशाबरोबर रेखांकनाचा नकाशा असतो.

नकाशा हातात आला की सरकारी मोजणी करून घ्या. इथं थोडं माझं ऐका, तीस वर्षं साखळी ओढलीय. ओपन स्पेस एका दिवसात जात नाही. आमच्याच कॉलनीत कोपऱ्यावरच्या घरानं आधी मोगरा लावला. छान वास यायचा, कोण बोलणार? मग मोगऱ्याला शेळ्या खातात म्हणून काट्या लावल्या, काट्यांची झाली तार, आणि तारेच्या जागी एका दिवाळीत भिंत. मी रोज तिथून ऑफिसला जायचो, लोकांच्या हद्दी मोजायला! शेवटी मोजणी लावली तेव्हा हद्दीचा दगड त्यांच्या धुण्याच्या दगडाखाली निघाला, भिंतीच्या साडेचार फूट आत. घरमालक स्वतःच चकित झाले, कारण भिंत त्यांच्या वडिलांनी घातली होती. भांडण झालं नाही. भिंत मागं गेली, मोगरा मात्र आम्ही राहू दिला.

मंगल कार्यालयाचं म्हणाल, तर मला ज्येष्ठांचा राग येत नाही. रिकामी जागा कुणीतरी हडपणार, त्यापेक्षा आपणच बांधलेलं बरं, अशी ती भीती आहे. पण 2020 साली आलेली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली बघा. ओपन स्पेसमध्ये फार तर दोन मजली बांधकाम, सगळं मिळून क्षेत्राच्या 15 टक्के, त्यातही तळमजला 10 टक्क्यांच्या आत. तुमच्या 11 गुंठ्यांत तळाला सव्वा गुंठासुद्धा मिळत नाही. 1,200 चौरस फुटांच्या आतली गोष्ट. तिथं लग्नाची पंगत कशी बसवणार? शिवाय वापर रहिवाशांच्या करमणुकीचा हवा, भाड्याचा नव्हे. तेवढ्यात वाचनालय किंवा भजनाची खोली नक्की होते. तेच ज्येष्ठांपुढं मांडा, आणि प्रस्ताव सोसायटीच्या ठरावानं जाऊ द्या, एखाद्याच्या लेटरहेडवर नको.

कुणी ‘लोकोपयोगी कामासाठीच तर देतोय’ म्हणालं, तर बंगळुरूचा दाखला द्या. बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. रुग्णालयही लोकोपयोगीच की.

जागेत रोज माणसं दिसू द्या. 11 गुंठे म्हणजे साधारण 33 मीटर बाय 33 मीटर. कबड्डीचं मैदान 13 बाय 10, ते एका अंगाला सहज बसतं. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते, म्हणून तेवढ्या भागावर मुरूम टाकून दाबून घ्या. लॉनच्या नादी लागू नका, उन्हाळ्यात टँकर मागवत बसाल. झाडं कडेनं, पश्चिमेला जास्त, म्हणजे चार वाजता खेळायला आलेल्या पोरांवर सावली पडते: कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण. आणि बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका, ठेकेदार कितीही म्हणाला तरी. असलेलं झाड तोडायची भाषा निघाली, तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कॉलनीचा ठराव तिथं पुरत नाही.

2019 च्या महापुरात गावभागातले आमचे नातेवाईक चार म्हशी घेऊन आले होते. त्या आठवडाभर आमच्या ओपन स्पेसवर बांधल्या. तेव्हा कॉलनीत एकानंही विचारलं नाही, या जागेचा उपयोग काय म्हणून.

प्रश्न: आम्ही गुंठेवारीत राहतो. आमच्याकडं ओपन स्पेसच नाही. पोरं रस्त्यावर खेळतात. आम्ही काय वाचवायचं?
– एक रिक्षाचालक वाचक, सांगली

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न वरच्यापेक्षा अवघड आहे आणि माझ्याकडं उत्तर लहान आहे. एकेक गुंठा विकताना जिथं रस्ताच कसाबसा सुटला, तिथं मैदान कोण सोडणार? 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं घरं नियमित करायची वाट काढली, पण न सोडलेली जागा कायदा कुठून आणणार?

दोन कामं करा. नगररचना विभागात विकास आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा मागा. त्यात क्रीडांगणाचं आरक्षण असेल तर कलम 127 ची नोटीस पडायच्या आत ते संपादन करा म्हणून मागं लागा. तुमच्याकडं ते कलम खरोखर धोक्याचं आहे. दुसरं, जवळच्या महापालिका शाळेचं पटांगण संध्याकाळी पाच ते सात उघडं मिळावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज द्या. त्या समितीत पालकच जास्त असतात, म्हणजे तुमच्याच गल्लीतली माणसं. मुख्याध्यापक विचारतील, कुलूप कोण लावणार? त्याचं उत्तर अर्जातच लिहा. आमच्याकडं किल्ली पानपट्टीवाल्याकडं असायची, कारण रात्री सगळ्यात शेवटी दुकान तोच बंद करायचा.