वाचकांचे प्रश्न : लाल छातीचा की तैगा?

प्रश्न : डिसेंबरात साताऱ्याजवळच्या आमराईत चिमणीहून लहान, तपकिरी पक्षी दिसला. शेपटी सारखी वर उडवत होता, बुडाशी दोन्हीकडे पांढरे डाग होते. गळ्यावर लाली नव्हती. हा लाल छातीचा माशीमार की तैगा माशीमार? फोटो पाठवला आहे.

उत्तर : शेपटीचे पांढरे डाग दोघांनाही असतात, त्यावर काही ठरत नाही. चोच बघा. तुमच्या फोटोत खालची चोच बुडाशी स्पष्ट फिकट आहे. तैगाची जवळजवळ सगळी काळी असते. म्हणून हा लाल छातीचाच म्हणायला हवा, आणि आपल्याकडे हिवाळ्यात येतोही मुख्यतः तोच. मादी आणि पहिल्या वर्षाचा नर दोघेही बिनलालीचे, त्यामुळे मादी की नर ते सांगता येत नाही.

दुसरी खूण पाठीकडून दिसते. शेपटीच्या मुळावरची पिसं तैगात कुळकुळीत काळी, लाल छातीच्यात शेपटीपेक्षा फिकी. तुमच्या फोटोत नेमका हाच भाग पंखाआड गेलाय. पुढच्या वेळी छान पोझ मिळाली तरी थांबू नका. चोचीचा बाजूने एक आणि पाठमोरा एक फोटो घ्याच. शिवाय मोबाइलवर आवाज टिपा : लाल छातीच्याची 'टर्रर्र' जराशी सुटी-सुटी, तैगाची भरभर, किड्यासारखी.

प्रश्न : पानांत फिरणारे वटवटे (वॉर्बलर, लहान चपळ पक्षी) ४०० मिमी लेन्सनेही धूसर येतात. शटर १/५०० सेकंद असतं.

उत्तर : १/१२५० करा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढला तरी चढू द्या. फोटोत दाणे चालतात, हललेली चोच सुधारत नाही. फोकसचा एकच लहान बिंदू ठेवा, नाहीतर कॅमेरा अलीकडचं पान पकडतो. मागे आभाळ असेल तर एक्स्पोजर +१, म्हणजे फोटो एक पायरी उजळ. पण उन्हात तेच विसरून राहिलं तर हिरवट वटवट्याच्या पंखावरची बारीक फिकट पट्टी पांढऱ्यात विरून जाते, आणि ओळख त्या पट्टीवरही असते. मार्चपर्यंत ती झिजूनही जाते, तेव्हा 'पट्टी नाही' यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. दाट सावलीत पानांची हिरवी झाक तपकिरी पक्ष्यावरही चढते, म्हणून उघड्या फांदीवरचा एक तरी फोटो हवा. पक्ष्यामागे धावू नका. तो फांदी-फांदी तपासत सरकतो, पुढची मोकळी फांदी धरून उभे राहा. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नका, त्याचा खाण्याचा वेळ जातो.