लग्न ठरलंय आणि होणारा नवरा प्रीनप करू म्हणतोय. यात माझा काय फायदा?

तुम्ही लिहिलंय की होणाऱ्या नवऱ्याने विवाहपूर्व कराराचा, म्हणजे प्रीनपचा विषय काढला आणि घरच्यांना ही लग्नाआधीच काडीमोडाची तयारी वाटतेय. माझं काम हिशेब तपासण्याचं. अशा करारांना जोडायच्या मालमत्तेच्या आणि देण्यांच्या याद्या माझ्याकडे येतात. त्या बघून माझं मत असं झालंय की इस्टेट वाचवण्यासाठी हा करार गाजला असला, तरी त्याचा खरा उपयोग कर्ज उघड होण्यात आहे.

करार टिकायचा तर दोघांनी आपापलं येणं-देणं एकमेकांसमोर मांडायला हवं. एका जोडप्याची यादी आठवते. खाती, गाडी, शिक्षणकर्जाचे उरलेले हप्ते, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. ‘दुसऱ्याच्या कर्जाला जामीन’ या रकान्यात मुलाने आडवी रेघ मारली होती. नंतर त्याचा फोन आला, ‘भावाच्या धंद्याच्या कर्जावर माझी सही आहे, तेही लिहायचं का?’ लिहायचंच की! मुलीला हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. लग्न मोडलं नाही, करारात एक कलम तेवढं वाढलं: ते कर्ज अंगावर आलं तर फेड त्याच्या एकट्याच्या पैशातून. असं कलम फक्त नवरा-बायकोला बांधतं, बँकेला नाही. त्यामुळे संयुक्त खात्यात किती पैसे ठेवायचे हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं.

ज्याची कमाई कमी आहे किंवा पुढे मुलांसाठी जो नोकरी सोडणार आहे, त्याने तर हा करार स्वतःहून मागावा. घरी बसलेल्या वर्षांचा मोबदला काय, त्या काळात निवृत्तीच्या बचतीत कोण भर घालणार, हे गोडीगुलाबीत असतानाच ठरतं. भांडण झाल्यावर त्याच प्रश्नावर वकिलांची बिलं वाढतात. वडिलोपार्जित घर, भागीदारीतला धंदा, आधीच्या लग्नाची मुलं यांपैकी काही असेल तर फायदा उघडच आहे.

मुलांचा ताबा आणि मुलांची पोटगी मात्र यात आधीच पक्की करता येत नाही. तिथे कोर्ट मुलांचं हित बघतं. शिवाय प्रत्येक देशाचं वेगळं. जर्मनीत करार नोटरीसमोरच व्हावा लागतो. इंग्लंडमध्ये 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने रॅडमाकर खटल्यात अशा कराराला निर्णायक वजन दिलं, पण तो समजून-उमजून केलेला हवा आणि त्याची अंमलबजावणी अन्यायाची ठरू नये, ही अट ठेवली. कॅलिफोर्नियात अंतिम मसुदा हाती आल्यापासून सहीपर्यंत किमान 7 दिवस जावे लागतात. भारतात गोव्याच्या नागरी कायद्यात याला जागा आहे, इतरत्र अशी स्पष्ट तरतूद नाही. तिथे करार कोर्टात टिकेल असं धरून चालू नका.

त्यामुळे हॉल बुक झालाय, पत्रिका वाटल्यात, अशा घाईत सही करू नका. मसुदा आला की तो तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा आणि फीही तुम्हीच द्या. त्याचाच वकील ‘मी दोघांचं बघतो’ म्हणाला, तर सरळ नाही म्हणा.