धुळ्यात एका दिवसात काय पाहावं, म्युझियम की बाग?

दोन मुलांना घेऊन एका दिवसासाठी धुळ्याला येतोय, नदीकाठी बाग, एखादं म्युझियम आहे का, की सरळ पुढे निघावं, असं तुम्ही विचारलंय. त्या ‘की सरळ पुढे’मुळे लिहायला बसलो.

आधी राजवाडे संशोधन मंडळात जा, इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या नावाचं, जुने कागद, मूर्ती, नाणी जपणारं ते इथलं म्युझियमच. बाग कुठल्याही गावात असते.

माझी मोठी बहीण पुण्यात दिलेली. दाजी जेवायला बसले की दरवेळी विचारणार, "शेवभाजी सोडून आहे काय तुमच्या धुळ्यात?" एका मे महिन्यात वडील त्यांना मंडळात घेऊन गेले. वडील भूमी अभिलेखात कारकून होते, मोडी झरझर वाचायचे. मूर्ती, नाणी बघून झाली आणि ते एका जुन्या मोडी कागदापाशी थांबले. एकेक ओळ मोठ्याने वाचून अर्थ सांगू लागले. दाजींनी मोबाइल काढला. चौथ्या ओळीला वडील थांबले. जरा वेळाने म्हणाले, "चला, ऊन वाढेल." बाहेर आल्यावर दाजी म्हणतात, "राजवाडे तर आमचे पुण्याचे."

तेव्हा मी गप्प बसलो, पाहुण्यांना काय बोलणार. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ राजवाड्यांनीच १९१० साली काढलं, हे खरं. पण नंतर तेच राजवाडे धुळ्याला आले. गावोगावची दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढणारा माणूस ३१ डिसेंबर १९२६ ला इथे वारला, आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने मंडळ उभं केलं. पुण्याचे असतील, पण त्यांना शेवटी सांभाळलं धुळ्याने.

तिथून समर्थ वाग्देवता मंदिरात जा. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. देव धुळ्याचेच, वकील.

मुलं कंटाळतील असं धरून चालू नका. माझी मुलगी सात वर्षांची असताना मोडी कागद बघून म्हणाली, "ही अक्षरं एकमेकांना धरून का चालली आहेत?" वडिलांनी तिला तिथेच हात न उचलता तिचं नाव लिहून दाखवलं. तो कागद तिने अजून ठेवलाय.

सकाळी लवकर पोचलात तर मालेगावच्या अंगाला, हायवेलगतच लळिंगचा किल्ला आहे, फारुकी काळातला. संध्याकाळी पांझरा नदीकाठी एकवीरा देवीला जा, मुलं तिथे मोकळी होतील.

हो, उन्हाळ्यात येत असाल तर पांझरेत पाण्याची आशा धरू नका. अक्कलपाडा धरणातून पाणी सोडतात तेव्हाच ती नदीसारखी दिसते. आणि मंडळाची वेळ आधी फोन करून विचारा. मोडी वाचणारं कुणी भेटलं तर दोन ओळी वाचून घ्या, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवा.