"सगळं काम मीच करते, तरी माझं कुणी ऐकत नाही": धंदा सांभाळणाऱ्या एका ताईंची केस

धंदा सांभाळणाऱ्या बायका समुपदेशनाला येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "मॅडम, काम सगळं मी बघते पण शेवटचा शब्द माझा नसतो, माझ्यात कॉन्फिडन्सच कमी आहे वाटतं." मग पुढं विचारतात की एखादा पर्सनॅलिटीचा कोर्स करू का. मी सहसा कोर्स सांगत नाही, का ते एका केसमधून सांगते. त्या ताईंची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सोलापुरातच शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट, सासऱ्यांनी उभं केलेलं. ताई बी.कॉम., लग्नानंतर आधी हिशोब बघायच्या, मग पगार, मग प्रॉडक्शन, डिस्पॅच, असं करत करत सगळंच अंगावर आलं. सासरे आजारी पडले, मिस्टरांनी दुसरी एक एजन्सी घेतली आणि म्हणाले आता तूच बघ. झालं, बघायला लागल्या. पण कटिंग मास्टर कापडाचं काही असलं की मिस्टरांना फोन करणार, व्यापारी रेट मिस्टरांशीच बोलणार, आणि शिलाईच्या बायका ज्यांच्यासोबत रोज डबा खायच्या त्या म्हणायला लागल्या की मालकीण झाली आणि बदलली. सीझन तोंडावर, रात्रभर झोप नाही, फोन वाजला की छातीत धडधड.

आधी झोपेचं बघितलं. डॉक्टरांकडून बीपी, थायरॉइड तपासून घ्यायला लावलं, कारण धडधड म्हणजे टेन्शनच असं मी कधीच धरून चालत नाही. (ज्यांना इथंवर येणं जमत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.)

मग एक आठवडा वही लिहायला दिली. कारखान्यातला प्रत्येक निर्णय, तो घेतला कुणी आणि लोकांना कळला कुणाच्या तोंडून, बस एवढंच. वही घेऊन आल्या तेव्हा त्यांचाच चेहरा बघण्यासारखा होता, कारण जवळपास सगळे निर्णय त्यांचे होते आणि लोकांना कळले होते ते मिस्टरांच्या फोनवरून. कापड कुठलं, ओव्हरटाइम किती, माल कधी सुटणार, रात्री जेवताना ताईंनी सांगायचं आणि सकाळी मिस्टरांनी पुढं कळवायचं. आता मास्टर कुणाला विचारेल सांगा. निर्णय घेणाऱ्या बाईला कॉन्फिडन्स नाही असं मी तरी म्हणणार नाही, तिला अधिकार दिलाय हे कुणाला सांगितलेलंच नाही, हा खरा प्रॉब्लेम. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी जणींचं हेच असतं आणि त्या स्वतःला दुरुस्त करत बसतात.

म्हणून पुढच्या सेशनला मिस्टरांना बोलावलं. चांगला माणूस, अगदी मनापासून म्हणाले, "मी मदतच करतोय की मॅडम, फोन आला तर उचलू नको काय?" म्हटलं उचला की, फक्त उत्तर देऊ नका, त्यांनाच विचारा म्हणून सांगा आणि ठेवा. ऐकायला सोपं वाटतं पण त्यांना हे फार जड गेलं. दोन आठवड्यांनी एकटेच आले आणि म्हणाले की पेठेतली माणसं विचारतात, काय, वहिनींनी घेतलं का सगळं हातात, आणि ते ऐकलं की घरी येऊन उगाच चिडचिड होते. हे बोलून दाखवलं याचं मला खरंच कौतुक वाटलं, कारण बहुतेक पुरुष हे बोलतच नाहीत, मग ते जेवणाच्या चवीवरून नाहीतर पोरांच्या अभ्यासावरून बाहेर पडतं. त्यांच्यासाठी वेगळी सेशन्स घेतली. बायकोला पुढं करायचं म्हणजे नवऱ्यालाही आपली जागा नव्याने शोधावी लागते, त्याच्याशी कुणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. मी विचारलं, फर्ममध्ये तुमचा हिस्सा किती? म्हणाल्या काहीच नाही, सासरे आणि मिस्टर पार्टनर. बँकेत सही? मिस्टरांची. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की कंपनीत आता बाई डायरेक्टर कम्पल्सरी आहे. आहे, २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, पण ते लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांना आणि १०० कोटी भांडवल किंवा ३०० कोटी उलाढालीच्या वरच्या पब्लिक कंपन्यांना, आपल्याकडच्या घरगुती पार्टनरशिपला तो कायदा विचारायला येत नाही, इथं घरातल्यांनीच ठरवावं लागतं. सोलापुरात विड्या वळण्यापासून टॉवेल शिवण्यापर्यंत हात बायकांचेच आहेत, केबिनमधली खुर्ची मात्र अजून पुरुषाची, आणि कागद त्याच खुर्चीच्या ड्रॉवरमध्ये.

सीएकडं तिघं एकत्र गेले. तिथं कळलं की केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्यांनी लघुउद्योगांकडून जी २५ टक्के खरेदी करायची असते त्यात २०१८ पासून ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी ठेवलेत, पण त्याला बाईचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. हे ऐकल्यावर सासरे ऐकायच्या मूडमध्ये आले, खरं सांगते. मी मात्र ताईंना दुसरी बाजूही सांगितली की पार्टनर झालात की कर्जाची जबाबदारीसुद्धा तुमच्या डोक्यावर येते, अगदी स्वतःच्या मालमत्तेपर्यंत, त्यामुळं विचार करून सही करा, कुणाला बरं वाटावं म्हणून करू नका. त्यांनी वेळ घेतला, मग सही केली.

मग बँक, कर्जासाठी. पहिल्या मीटिंगला मॅनेजर विचारत राहिले, सीझन गेला तर? ऑर्डर कॅन्सल झाली तर? मिस्टर लक्ष घालतील ना? ताई नुसत्या बचाव करत राहिल्या आणि रडवेल्या होऊन बाहेर आल्या. त्यांना मी डेना कान्झे या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८ ला छापून आलेला अभ्यास सांगितला. न्यूयॉर्कच्या एका स्टार्टअप स्पर्धेतली प्रश्नोत्तरं त्यांनी तपासली तर पुरुषांना जास्त करून वाढीचे प्रश्न आणि बायकांना जास्त करून नुकसानीचे, विचारणारी बाई असली तरी तेच. पण नुकसानीच्या प्रश्नाला ज्यांनी वाढीचं उत्तर दिलं त्यांना बचाव करणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त पैसे मिळाले. म्हणजे प्रश्न आपल्या हातात नाही, उत्तर आहे. आम्ही बसून तयारी केली, "एक ऑर्डर गेली तरी बाकीच्या व्यापाऱ्यांच्या कामातून हप्ता निघतो, हे बघा आकडे, आणि जूननंतर मशिनी रिकाम्या असतात तेव्हा हॉस्पिटल आणि हॉटेलचे ड्रेस घ्यायचेत, त्यासाठीच कर्ज हवंय." माझ्यासमोर इतक्यांदा म्हणून घेतलं की शेवटी त्या माझ्यावरच ओरडल्या. मागितलं त्याहून थोडं कमी, पण कर्ज पास झालं.

शिलाईच्या बायकांचं जरा वेगळं. कडक बोललं तर शेफारली, गोड बोललं तर हिला जमत नाही, या दोन्हीच्या मधली जागा बाईला मिळतच नाही, त्यामुळं ती शोधण्यात मी वेळ घालवायला लावत नाही. नियम आधी सांगायचा, सगळ्यांना सारखा लावायचा, चूक झाली तर पीसबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. डबा सोबत खाणं बंद करू का असं त्यांनी विचारलं होतं, मी म्हटलं अजिबात नको. काहीजणी अजून तोंड वाकडं करतात, करू देत.

मास्टर रुसला होता, पगारवाढ मागितली, ती ताईंनी स्वतः बोलून आणि अटी घालून दिली. एक जुना व्यापारी अजूनही मिस्टरांनाच फोन करतो आणि मिस्टर त्याला दर वेळी ताईंचा नंबर देतात. सुटलं नाही ते घरचं, सीझनला रात्री आठला माल सुटतो आणि घरी स्वयंपाक कुणी करायचा यावरून सासूबाईंशी रोज वाजतं, सध्या आमचं तेच चाललंय. पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या म्हटलंय, बघू येतात का.