मॉडेल बदलण्याआधी खेळाचा लॉग उघडून बघा

तुमची पोस्ट वाचली. अपूर्णांकांचा खेळ, काही शाळांमधून आलेला डेटा, मूल कागदी चाचणीत उत्तीर्ण होईल की नाही हे सांगणारं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून अंदाज करणारं मॉडेल), त्याची अचूकता ९० टक्के. आणि तरीही शिक्षक म्हणतात की खेळात तीन तारे मिळवणारी मुलं फळ्यासमोर अडखळतात. आता डीप नॉलेज ट्रेसिंग, म्हणजे मुलाच्या उत्तरांच्या क्रमावरून त्याला काय येतं याचा माग काढणारं न्यूरल नेटवर्क, वापरू का, असा तुमचा प्रश्न आहे. ही अडचण मी जवळून पाहिली आहे, म्हणून जरा लांब लिहिते. माझं मत विचाराल तर मॉडेलला सध्या हात लावू नका. शिक्षक काय म्हणतायत ते खरं धरा आणि लॉग, म्हणजे खेळात मुलाने केलेल्या कृतींची नोंद, उघडून बसा.

(माझा अनुभव गणिताच्या खेळांचा आहे. भाषेच्या किंवा अगदी लहान मुलांच्या खेळांना हे सगळं जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही. कायद्याचीही मी जाणकार नाही.)

आधी त्या ९० टक्क्यांचं बघू. तुम्हीच लिहिलंय की ८५ टक्के मुलं चाचणीत उत्तीर्ण झाली. म्हणजे डोळे मिटून सगळ्यांना 'उत्तीर्ण' म्हटलं तरी ८५ टक्के बरोबर येतं, आणि मॉडेलची खरी कमाई उरते पाच टक्क्यांची. त्यातही तुम्ही ओळी सरसकट विभागल्यात, म्हणजे एकाच मुलाच्या काही लेव्हल प्रशिक्षणाच्या बाजूला गेल्या आणि काही तपासणीच्या. मॉडेल त्या मुलाला ओळखायला शिकलं, अपूर्णांक समजलेत का हे ओळखायला नाही. विभागणी मुलानुसार करा, जमलं तर शाळेनुसार. आकडा खाली येईल, येऊ द्या. अनुत्तीर्ण मुलांपैकी किती सापडली हे वेगळं मोजा, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे.

पण मूळ दुखणं तिथे नाही. तुमच्या तक्त्यात दर लेव्हलला तारे, प्रयत्न आणि एकूण वेळ एवढंच आहे. तीन मुलं डोळ्यांसमोर आणा. संख्यारेषेवर १/८ दाखवायचे आहेत. पहिलं मूल ठिपका दर वेळी १/४ च्या उजवीकडे ठेवतं, कारण आठ हा आकडा चारपेक्षा मोठा आहे. दुसऱ्याला जागा नेमकी माहीत आहे, पण बोट घसरतं आणि ठिपका केसभर बाजूला पडतो. तिसरं मूल डाव्या टोकापासून ठिपका थोडा थोडा पुढे सरकवत राहतं, हिरवा दिवा लागेपर्यंत. तुमच्या तक्त्यात तिघांची ओळ एकच: प्रयत्न ३, तारा १. खरं तर पहिल्या मुलाचा गैरसमज स्पष्ट दिसतोय आणि त्यावर उद्याच्या तासाला काम करता येईल. दुसऱ्याला शिकवायचं काही नाही. तिसऱ्याबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. हा फरक ठिपका प्रत्येक वेळी कुठे पडला यात आहे, आणि ती जागा नोंदवलीच नसेल तर डीप नॉलेज ट्रेसिंग ती कुठून आणणार?

या क्षेत्रातली चांगली कामं नेमकी इथूनच सुरू झाली आहेत. मिस्लेव्ही, स्टाइनबर्ग आणि आल्मंड यांनी पुराव्यावर आधारलेल्या मूल्यमापनाची जी चौकट २००३ मध्ये मांडली, तिचा क्रम सरळ आहे: मुलाबद्दल काय म्हणायचंय ते आधी ठरवा, मग कोणती कृती त्याचा पुरावा ठरेल ते, आणि ती कृती घडवून आणणारी लेव्हल सगळ्यात शेवटी. संशोधक व्हॅलेरी शूट यांच्या गटाच्या फिजिक्स प्लेग्राउंड या खेळात चेंडू फुग्यापर्यंत न्यायचा असतो आणि त्यासाठी मूल पडद्यावर उतरण, तरफ, लोलक किंवा उसळफळी काढतं. फुगा गाठला एवढंच तिथे मोजत नाहीत. मुलाने कोणतं साधन काढलं यालाही पुरावा म्हणून किंमत आहे. पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीच्या २०१२ च्या संगणकीय भागात वातानुकूलन यंत्राचा एक प्रश्न होता. तीन सरकपट्ट्या, त्यांतली कोणती तापमान बदलते आणि कोणती आर्द्रता, हे शोधायचं. जो विद्यार्थी एका वेळी एकच पट्टी हलवतो त्याची विचार करण्याची पद्धत लॉगमध्ये सरळ दिसते, उत्तर चुकलं तरीही.

आता मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. ज्या कार्यालयाकडे आमच्या खेळाचा सर्व्हर होता (नाव घेत नाही), त्यांच्याशी सुरुवातीलाच लेखी ठरलं होतं की प्रत्येक कृतीची नोंद मिळेल. सत्र संपल्यावर हातात आला तो एक तक्ता: दर मुलाची दर दिवशी एक ओळ, त्यात ओलांडलेल्या लेव्हल, तारे आणि मिनिटं. कच्च्या नोंदी साठवणुकीची जागा वाचवण्यासाठी पुसल्या होत्या. वर, गोपनीयतेच्या नावाखाली मुलाचा कोड रोज बदलत होता, म्हणजे सोमवारचं मूल आणि मंगळवारचं मूल एकच आहे का हेही आम्हाला कळायला मार्ग नव्हता. कागदी चाचणीचे गुण दुसऱ्या विभागात, हजेरी क्रमांकानुसार. दोन्ही जोडायची किल्ली, म्हणजे कोणता कोड कोणत्या मुलाचा ही यादी, मागितली, तर तांत्रिक विभाग म्हणे परवानगी आणा आणि परवानगी देणारे म्हणत हा तांत्रिक विषय आहे. नकार कुणी लेखी दिला नाही, किल्लीही दिली नाही. शेवटी सांगितलं की तीही आता ठेवलेली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक अभ्यास वाया गेला म्हणून मी सोडून दिलं असतं. पण त्याच कार्यालयाने त्याच ताऱ्यांच्या तक्त्यावरून 'मागे पडलेल्या' मुलांची नावानिशी यादी करून शाळांना पाठवली. म्हणजे कोड रोज बदलत होता तो फक्त आमच्यासाठी. काही वर्गांत दोन मुलं एका टॅब्लेटवर खेळत होती. त्यांतल्या ज्याच्या नावाने खेळ उघडलेला नव्हता त्याच्या नावावर काहीच जमा झालं नाही, आणि ते मूल यादीत गेलं. बाई जिला वर्गातली सगळ्यात काळजीपूर्वक विचार करणारी मुलगी म्हणत, तीही यादीत होती, कारण ती वेळ घेत असे. या मुलांना खेळाच्या तासातून उठवून जादा वर्गाला बसवलं. ते आठवलं की अजूनही राग येतो. गोपनीयता हवीच, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे, पण इथे तिने एकाही मुलाचं रक्षण केलं नाही.

म्हणून माझा आग्रह असा. प्रत्येक मुलाला निरर्थक पण पूर्ण प्रकल्पभर न बदलणारा कोड द्या. नाव आणि कोड यांची किल्ली विश्लेषण करणाऱ्यांकडे नको, सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडेही नको. ती शाळेत राहू दे, आणि ती कधी नष्ट करायची ती तारीख आधीच लिहून ठेवा. पालकांना आणि मुलांना खेळातून काय नोंदवलं जातंय ते सांगा. खेळात व्यत्यय न आणता मूल्यमापन करणं चांगलं, पण ते कुणाच्या नकळत होता कामा नये. आणि सत्र संपायची वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात थोड्या मुलांच्या कच्च्या नोंदी मागवा आणि नुसत्या ओळी वाचून मुलाचा खेळ पुन्हा उभा करता येतो का ते बघा. येत नसेल तर काम तिथेच थांबवा, कुणी कितीही घाई केली तरी.

नोंदीत काय हवं: कृती, त्याआधी पडद्यावर काय होतं, ठिपका कुठे टाकला, कोणती मदत उघडली, खेळाची आवृत्ती, आणि कृतीचा अनुक्रमांक. अनुक्रमांक विसरू नका, कारण ऑफलाइन टॅब्लेटची घड्याळं वाट्टेल ती वेळ दाखवतात. आवृत्ती हवी कारण मध्येच कुणीतरी एखादी लेव्हल सोपी करतं आणि आपण समजतो की मुलं शिकली. खेळ मागे टाकून मूल दुसरीकडे गेलं तर तो वेळ वेगळा धरा. वेळेवरून हुशारी काढण्याच्या मी तर विरोधात आहे. रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गणिताच्या संगणकीय शिकवणीत दाखवलं होतं की भराभर मदत उघडून किंवा उत्तरं ठोकत पुढे सरकणारी मुलं कमी शिकतात. तुमच्या खेळात तशा मुलांना चटकन संपवल्याचे जास्त तारे मिळत असणार. शिक्षकांची तक्रार तिथूनच आली असावी, हा माझा अंदाज, खात्री नाही.

मॉडेलबद्दल एवढंच की नोंदी नीट झाल्यावर कॉर्बेट आणि अँडरसन यांच्या बेजियन नॉलेज ट्रेसिंगपासून सुरू करा. दर कौशल्याला चार आकडे: आधीपासून येत असण्याची शक्यता, प्रत्येक संधीला शिकण्याची, न येताही बरोबर येण्याची, आणि येत असूनही चुकण्याची. ते शिक्षकांसमोर ठेवून त्यावर बोलता येतं. तिसरा आकडा ०.५ च्या वर गेलेला दिसला तर थांबा, एक तर कौशल्याची व्याख्या ढिसाळ आहे किंवा लेव्हल अंदाजाने सुटते. सरावाला डेटा हवा असेल तर कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर २०१९ च्या डेटा सायन्स बोल स्पर्धेतला पीबीएस किड्स या अमेरिकी मुलांच्या वाहिनीच्या खेळाचा आणि २०२३ मधला जो वाइल्डर या खेळाचा, असे कृतीनिहाय लॉग आहेत. तिथल्या विजेत्यांचे, अनेक मॉडेल एकत्र जोडून केलेले मोठे मोठे जोडमॉडेल मात्र उचलू नका. स्पर्धेत ते चालतं, पण एखाद्या आईने 'माझ्या मुलाला काय येत नाही?' असं विचारलं तर त्यातून उत्तर निघत नाही.

मॉडेल काहीही म्हणो, दहा-बारा मुलांशेजारी बसा आणि खेळताना त्यांना मोठ्याने विचार करायला सांगा. आणि लेव्हल पूर्ण झाल्याच्या आकड्यावरून कुणाला पुढे-मागे करायचं घाटत असेल तर ते आत्ताच अडवा, तुमच्या हातात असेल तेवढं.

तुमच्या लॉगमधल्या एका मुलाच्या वीसेक सलग ओळी, कोड आणि शाळेचं नाव काढून, इथे टाका. निदान पहिला प्रयत्न कुठे पडला हे कुठे उरलंय का ते बघू. उरलं असेल तर या सत्राचं बरंच काही वाचवता येईल. नसेल तर पुढच्या सत्राआधी खेळ बनवणाऱ्यांना काय नोंदवायला सांगायचं, ते आपण मिळून लिहू.